अण्णांच्या विजोड काठ्या

नागावहून निरोप आला तेव्हा मी पडवीत बसून माझ्या गोल्फच्या काठ्या पुसत होतो. "अण्णा गेले," एवढंच गडी म्हणाला, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असे कसे गेले? पौर्णिमेचा डाव ठरलाय आमचा!" महिना होऊन गेला त्याला, पण मला अजून पटलेलं नाही. डाव अर्धा टाकून जाणारा माणूसच नव्हे तो.

अण्णा अलिबागच्या कचेरीत शिरस्तेदार होते. एका साहेबाला खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्याने अण्णांच्या हातात काठी दिली, आणि अण्णांनी धोतराचा काचा मारून पहिल्याच फटक्यात चेंडू समुद्रात घातला. पुढे साहेब बदलत गेले आणि जाताना जो तो अण्णांना एकेक काठी देऊन गेला. कुणाची आखूड, कुणाची लांब, एक तर चक्क डावखुऱ्याची! चेंडू भोकात ढकलायची शेवटची काठी त्यांनी रेवदंड्याच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडून मोडक्या सुकाणूच्या लाकडाची करून घेतली. हा सगळा गोतावळा एका गोणपाटाच्या पिशवीत नांदायचा.

मी वकील माणूस. मला हे वेड अण्णांनीच लावलं. नागावच्या पुळणीवर ओहोटीला वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होते. तिथे आम्ही डबे पुरून भोकं करायचो आणि भरती येऊन सगळं पुसून न्यायची, म्हणून आमचे डाव तिथी बघून ठरत. दोन पिकल्या डोक्याची माणसं काठ्या घेऊन खाली बघत फिरताना दिसली की कोळणी हाका मारत, "अण्णा, काय हरवलाय काय वो?"

मग मी मुंबईहून नवा संच मागवला. पोलादी दांड्या, एकाच कारखान्यातल्या, ओळीने उतरत्या मापाच्या... काय देखणा होता म्हणून सांगू! अण्णांनी एकेक काठी उचलून पाहिली आणि म्हणाले, "वकील, हा संच नव्हे, ही पलटण झाली." मी म्हणालो, संच जुळलेलाच हवा, हाताला एकच वळण राहतं. ते म्हणाले, प्रत्येक काठीचं काम निराळं, मग तिचा स्वभाव निराळा का नसावा? झालं! प्रत्येक डावाला हाच तंटा. घरच्यांचे कान किटले.

असं चाललेलं असताना माझ्या वसंताने अण्णांच्या कुमुदशीच लग्न करीन म्हणून सांगितलं. आम्हाला तर आनंदच झाला. पण अण्णांनी पत्रिका मागवल्या, आणि त्या काही केल्या जुळेनात. अण्णा अडून बसले. मी चिडून म्हणालो, "काठ्या विजोड चालतात तुम्हाला, आणि पत्रिका तेवढ्या जुळायला हव्यात?" ते उसळले, "तुम्हाला काठ्या सख्ख्या बहिणी लागतात, मग पत्रिकांचं का वावडं?" पण त्यांचा हट्ट नुसता हट्ट नव्हता. त्यांची थोरली बहीण पत्रिका न बघता दिलेली, आणि वर्षाच्या आत लाल अलवण नेसून ती माहेरी परत आली होती. ती रोज त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत होती.

शेवटी आम्ही दोन शहाण्यांनी तोड काढली ती अशी : डाव खेळायचा. अण्णांच्या विजोड काठ्या जिंकल्या तर विजोड चालतं हे सिद्ध, लग्न पक्कं. माझा संच जिंकला तर जुळलेलंच खरं, लग्न मोडलं. म्हणजे अण्णा जिंकले तर मुलगी द्यायची, हरले तर जन्मभराचं नाक कापून घ्यायचं. आणि मला मात्र हरायचंच होतं. निघताना आमच्या मंडळींनी बजावलं, "हरून या. जिंकून आलात तर घरात घेणार नाही!"

पण मेला तो संच! एरवी केवड्याच्या बनात शिरणारे माझे चेंडू त्या दिवशी सुतासारखे सरळ. वाकडं मारावं तर वाऱ्याने सरळ करून द्यावं. घाम फुटला मला. शेवटच्या भोकापर्यंत आम्ही बरोबरीत. तिथे एकदाचा माझा चेंडू डब्याला वळसा घालून पुढे गेला, देव पावला. अण्णांचा चेंडू भोकापासून हातभर. सुकाणूची काठी घेऊन ते उभे राहिले, ते उभेच. भरतीचं पाणी पायांना लागायला लागलं.

"अण्णा, पाणी आलं..."

"वकील, पोरीचं काही वाईट झालं तर?"

"तर मी आहे ना! सून नव्हे, लेक म्हणून नेतोय."

त्यांनी चेंडू ढकलला. डब्यात टणकन आवाज झाला. "बघा! म्हटलं नव्हतं?" असं ओरडत अण्णा वाळूत नाचले, आणि मग उपरण्याने बराच वेळ डोळे पुसत बसले. वाळू गेली म्हणाले.

कुमुद आमच्या घरी सुखात आहे. नवराबायको दिवसभर भांडतात, पण एकमेकांवाचून जेवत नाहीत. आमच्या शेवटच्या भेटीत अण्णांनी अंथरुणावरून विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी मुद्दाम हरलात ना?" मी म्हटलं, "छे! तुम्हीच मुद्दाम जिंकलात." "हट्! माझ्या काठ्याच तशा..." आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

दिवस झाल्यावर कुमुदने ती गोणपाटाची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "मामंजी, अण्णांनी सांगून ठेवलंय, काठ्या तुम्हाला द्यायच्या. पण तुमच्या पलटणीत मिसळायच्या नाहीत."

नाही मिसळल्या. परवा पौर्णिमेला दोन्ही पिशव्या घेऊन एकटाच पुळणीवर गेलो आणि दोन्ही बाजूंनी खेळलो. माझा चेंडू माझ्या काठ्यांनी, अण्णांचा त्यांच्या. शेवटच्या भोकाशी पुन्हा बरोबरी. माझा चेंडू बाजूने निघून गेला. अण्णांचा हातभरावर. मी सुकाणूची काठी घेतली, उभा राहिलो, आणि हात हलेचना. हा चेंडू आत गेला की डाव संपला... अण्णा, त्या दिवशी तुम्ही इतका वेळ का उभे होतात, ते मला आत्ता कळलं हो. पाणी पायांना लागलं तेव्हा कुठे चेंडू ढकलला. डबा वाजला.

अण्णा जिंकले.