इओतेवेचा टिकी आणि कुणाचं तरी पोट

इओतेवेने उआ पोउ बेटावर तीस वर्षं रोडरोलर चालवला. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्याने पटाशी-हातोडी धरली आणि हौसेखातर लाकडाचे टिकी, म्हणजे पूर्वजांचे पुतळे, कोरू लागला. बटबटीत डोळे, या कानापासून त्या कानापर्यंत तोंड, पोटावर टेकलेले दोन हात. वाडवडील असेच दिसतात, त्यात वाद नाही.

यंदा उत्सवासाठी त्याने पुरुषभर उंचीचा टिकी घडवला. पॉलिश पेपरने घासून, खोबरेल चोळून असा काही चमकवला की त्याची बायको ताहिआ त्यात बघून केस विंचरू लागली.

दुसऱ्या दिवशी सरपंच बेनुआ हजर.

"इओतेवे, हे पोट माझं आहे."

"पूर्वजांचं आहे, सरपंच."

"पूर्वज होड्या वल्हवायचे. असलं पोट खुर्चीत बसल्याशिवाय सुटत नाही. मला शिकवतोस?"

इओतेवे भिडस्त. त्याने पोट चार बोटं तासलं.

मग चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा दामास आला. "मी तोंड एवढं उघडतो?"

"छे, छे!"

"मग पोरं याला दामासकाका का म्हणतात?"

ओठ तासले गेले. संध्याकाळी मेहुणा डोळ्यांची तक्रार घेऊन आला, डोळेही गेले.

ताहिआ निखाऱ्यावर नीरफणस भाजत होती. तिने मान वर केली. "हा कोण? तापातून उठलाय का?"

"उत्सवाचा टिकी."

"मग आधी याला जेवायला घाल."

इओतेवेच्या जिव्हारी लागलं. तीस वर्षं रस्ते सपाट केले, आता पूर्वजही सपाट करून ठेवला! त्याने नवा ओंडका आणला, पडवीला ताडपत्री लावली आणि दीड महिना कुणालाही आत येऊ दिलं नाही. या वेळी कुणाचाच चेहरा डोळ्यांपुढे आणायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं.

उत्सवाच्या सकाळी धक्क्यावर कापड उतरलं. सगळे पुढे सरकले. मग बेनुआ खदखदून हसला.

"अरे, हा तर इओतेवे!"

"हुबेहूब," दामास म्हणाला, "पोटासकट!"

इओतेवेने निरखून पाहिलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. ताहिआकडे वळून पुटपुटला, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून; ताडपत्रीला फट होती. सांगितलं असतं तर तासत बसला असतास."

तो दिवसभर रागाने दूर माडाखाली जाऊन बसला. लोक मात्र टिकीभोवती नाचत राहिले. म्हाताऱ्या बायका जाता-येता त्याच्या पोटावर हात फिरवत होत्या. ते पाहून त्याचा राग निवळला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन पोटाला तेल लावलं.

आठवड्याने बेनुआ केळ्यांचा घड घेऊन आला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मासळीच्या झाल्या. शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "पुढच्या उत्सवाला... एखादा भरल्या अंगाचा कर की."

"किती भरल्या?"

सरपंचाने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "आहे तेवढ्या."