सरूबाईंचा अंगठा

लहान मूल समोर आलं की माणसं त्याचं नाव विचारतात, गाल ओढतात, निदान हसतात तरी. आमच्या शेजारच्या सरूबाई यांतलं काहीच करत नसत. त्या मुलासमोर उकिडव्या बसायच्या, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायच्या आणि उजव्या अंगठ्याने त्याचा वरचा ओठ अलगद उचलायच्या. पुढचे दात आणि त्यांच्या मुळाशी हिरडीची कड, एवढंच बघायचं. मग ओठ सोडून मुलाच्या आईला विचारायचं, "बाटल तोंडात घिऊन झोपते का हा?"

आमच्या केनवड गावात लोक याची टिंगल करत. सरूबाईंचे यजमान हयात असताना बैलबाजारात दलाली करायचे, आणि बैलाचं वय दात बघून ठरवतात हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे टोमणा तयारच होता. त्या गल्लीतून निघाल्या की ओट्यावर बसलेलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "पोट्टे लपवा बाप्पा, सरूबाई दात पाहून भाव करून राह्यली." त्या वळूनही बघत नसत. एकदाच त्यांनी उत्तर दिलेलं मी ऐकलं. "भाव नाई करत. बैलाचे दात पाह्यता तुमी, लेकराचे काहून पाहत नाई?"

मी व्हिडिओ फोनवर दर वेळी माझ्या नातीचा, अन्वीचा, ओठ वर करून दाखवायला सांगते, म्हणून तुम्ही दोघं हसता. हसा. पण ही सवय मला कुठून लागली ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

पूर्वीच्या सरूबाई वेगळ्या होत्या. आमच्या गल्लीतल्या बाया सोयाबीनच्या सोंगणीला सकाळीच शेतात जात आणि त्यांची अंगावरचं दूध सुटलेली लेकरं सरूबाईंच्या ओसरीत राहत. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या बाई. ओसरीच्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून त्या सुपात तूर पाखडत बसत. हातांचं काम हातांनी, पायांचं पायांनी. झोळीतल्या मुलाच्या तोंडात दुधाची बाटली असायची. ती घरंगळू नये म्हणून त्यांनी फडक्याची एक गुंडाळी करून ठेवली होती, ती गालाशी लावायची आणि बाटली तिच्यावर टेकवायची. दुधात साखर, कधी बिस्किटाचा चुरा. मूल चोखत चोखत झोपी जाई आणि झोपेतही बाटली तोंडातच राही. "माह्याकडचं लेकरू कदी रडलं का?" असं त्या अभिमानाने विचारायच्या, आणि खरंच, रडलेलं मूल त्यांच्या ओसरीत मी पाहिलं नव्हतं.

त्यांची नात परी दिवसभर त्यांच्याकडेच असे. मुलगा माधव आणि सून वंदना दोघंही शेतात जात. परी दोन वर्षांची झाली तेव्हा तिचे वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजले होते. हसली की चार खुंट दिसायचे. कुणी विचारलंच तर सरूबाई सांगत की दुधाचेच दात आहेत, पडतील आणि नवे येतील. गावात सगळे हेच म्हणत. हे म्हणणारे कुणी वेडे नव्हते. पडणाऱ्या गोष्टीची काळजी कोण करतं?

त्या वर्षी सोंगणीच्या दिवसांत गल्लीतल्या दोन मुलांना गालगुंड झालं होतं. परीचा गाल सुजला तेव्हा तिलाही तेच झालं असं सगळ्यांनी धरलं. लेप लावला. ताप आला, तोही गालगुंडाचाच म्हणून धरला. सूज गालावरून खाली गळ्याकडे उतरली आणि मुलीला थुंकी गिळवेना, तेव्हा माधवने तिला वाशिमला नेलं. तिथून अकोल्याला पाठवलं. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू झाला होता. तो गळ्यात उतरला आणि रक्तात मिसळला. परी परत आली नाही.

बरोबर गेलेल्या सरूबाई दवाखान्यातून लगेच हलल्या नाहीत. सगळं आटोपल्यावर त्यांनी तिथल्या तरुण डॉक्टरबाईंना गाठलं आणि हे आधी कुठे दिसलं असतं, असं विचारलं. डॉक्टरबाईंनी बाकावर बसलेल्या एका बाईच्या कडेवरचं मूल जवळ घेतलं, त्याचा वरचा ओठ उचलला आणि हिरडीलगत दातावरची एक पांढरी रेघ दाखवली. खडूने ओढल्यासारखी, बारीक. सुरुवात इथून होते, असं त्या म्हणाल्या. या वेळी बाटली बंद केली, दात घासले आणि दातांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घेतलं, तर दात वाचतो. रेघ तपकिरी झाली की उशीर व्हायला लागतो.

मी गावच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे मला मॅडम म्हणत. दहाव्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा सरूबाईंनी मला हे सगळं सांगितलं, आणि मग वर आढ्याकडे बघितलं. झोळी काढून टाकलेली होती.

"मॅडम, म्या पाह्यली होती थे रेघ," त्या म्हणाल्या. "दूध वाळलं म्हून पदरानं पुसली. पुसल्या गेली नाई."

त्या दिवसापासून त्यांनी कुणाचं मूल सांभाळलं नाही, आणि तेव्हापासूनच त्या ओठ उचलायला लागल्या. बसस्टॉपवर, बाजाराच्या दिवशी, लसीकरणाच्या रांगेत. मोठा आवाज गेला होता. दोनच वाक्यं त्या जप केल्यासारखी म्हणायच्या. "दूध पोटाले द्या, दाताले नोका देऊ." आणि, "पानी पाजा, मंग झोपवा." पहिला दात आला की सकाळी आणि झोपण्याआधी ओल्या फडक्याने तो पुसायचा, मग तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मऊ ब्रशला लावायची, हे त्या बायांना स्वतःच्या बोटावर दाखवायच्या. पण बोलणं त्यांना कधी साधलं नाही. एका घरी पहिल्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी बाळाचा ओठ उचलला आणि कीड लागली आहे असं सांगून टाकलं. त्या घरची आजी ताडकन उठली. "आपल्या घरचं लेकरू खाल्लं, आता दुसऱ्याच्या घरात नजर लावतं काय?" सरूबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली आणि चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना थोडं सबुरीने घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "सबुरीनंच घेतलं होतं, मॅडम. परीच्या वेळी."

ऐकलं ते एका रुखसानाने. तिचं बांगड्यांचं दुकान आहे. तिच्या अयानच्या दातांवर तीच पांढरी रेघ होती. रुखसानाने झोपेतली बाटली बंद केली, तेव्हा पोराने असा आकांत मांडला की तिची सासू त्याला घेऊन सरूबाईंच्या दारात आली आणि आता तुम्हीच निजवा म्हणाली. सरूबाईंनी त्याला निजवलं नाही. हातसुद्धा लावला नाही. नुसत्या म्हणाल्या, "रडू दे. रडून कोणी मरत नाई." त्यांच्या तोंडून हे ऐकून सासूबाई पोराला घेऊन मुकाट परत गेल्या. रिसोडच्या दातांच्या डॉक्टरांनी औषध लावलं, आणि ती रेघ पुढे सरकली नाही. रुखसाना अजून "सरूखाला" म्हणताना डोळे पुसते.

पण सरूबाईंना गावातल्या मुलांचे दात बघून जे हवं होतं ते मिळत नव्हतं, कारण ते त्यांच्याच घरात होतं. परी गेल्यावर वंदना माहेरी जऊळक्याला गेली होती. पुढे परतली, आणि काही काळाने तिला मुलगा झाला, सार्थक. वंदना भांडली नाही, वेगळी चूल केली नाही, सासूचं जेवणखाण, औषध काही चुकवलं नाही. फक्त मूल सासूच्या मांडीवर दिलं नाही. शेतात जाताना त्याला बरोबर न्यायची आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोका बांधून त्यात ठेवायची.

सरूबाईंनी तिला कधी विचारलं नाही. मला विचारायला सांगितलं. मी वंदनाला म्हटलं की त्यांना एकदा फक्त त्याचे दात बघायचे आहेत. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "त्या वाईट नाईत, मॅडम. मले समजते. पन माह्या हातानं देवल्या जात नाई." मी तो निरोप तसाच पोहोचवला. सरूबाईंनी मान डोलावली. "बरोबर हाये तिचं," म्हणाल्या.

त्यानंतर त्या ओट्यावर बसून सार्थक हसण्याची वाट बघायच्या. तो अंगणात कोंबडीमागे धावताना खिदळला की पुढे वाकायच्या. पण तोवर मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचा ताबा घेतला होता. पोराचा आकार दिसे, दात दिसत नसत. मग मला विचारायच्या, "तुमाले दिसले का? कडेले पांढरं तं नाई?" मी चांगले आहेत असं सांगे. त्यांचा विश्वास बसत नसे. पांढरी रेघ लांबून दिसत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात मूत्रपिंडं थकली आणि त्यांनी अंथरूण धरलं. अंगावर सूज होती, बोलणं तुटक झालं होतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळ पेजेची वाटी घेऊन बसले होते. वंदना सार्थकला कडेवर घेऊन आत आली. काही वेळ दारातच उभी राहिली. मग तिने त्याला खाटेवर सासूच्या उशाशी बसवलं.

"आजीले दात दाखव," ती म्हणाली.

घरी आई रोज बघत असणार, कारण पोराने लगेच तोंड वर केलं. सरूबाईंचा हात चाचपडत त्याच्या हनुवटीवर आला. अंगठ्याने ओठ उचलला. दिसत तर काहीच नव्हतं, म्हणून त्या अंगठा दातांवरून फिरवायला लागल्या, हिरडीच्या कडेने, एकेका दातावर थांबत. सार्थकला ते फार वेळ चाललं असं वाटलं असावं. तो कचकन चावला.

वंदना पुढे झाली. सरूबाईंनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. अंगठा त्यांनी ओढून घेतला नाही. पोराने आपण होऊन सोडला तेव्हा त्या म्हणाल्या, "घट्ट हायेत."

मग थोडा दम खाऊन, "रोज पाहत जाय व माय."

वंदनाने मुलाला उचललं, तो सुजलेला हात आपल्या हातात घेतला आणि लाळेने ओला झालेला अंगठा पदराने पुसला. लाळ निघाली. दातांच्या खुणा तशाच राहिल्या, खालीवर, सगळ्या शाबूत.