फ्रीजवरचा हिरवा लाइट

मंडळी, आज घरी जे झालं ते लगेच लिहून राहिले.

माझे वडील, अण्णा, आज सकाळी नांदेडहून आमच्या घरून स्कूटीवर लोह्याला, त्यांच्या घरी निघाले. आमच्याकडं रीतच आहे, पोचलं की एक मिस कॉल द्यायचा.

दुपार झाली तरी मिस कॉल नाही. मी लावला तर नुसती रिंग जात होती. त्यांना कमी ऐकू येतं हे माहीत असूनही मी परत परत लावत राहिले. एवढा महागाचा नवा फोन, आणि मी त्याच्या काळ्या काचेकडं बघत बसलेली. शेवटी मिस्टरांनी गाडीची किल्ली घेतली. "रस्त्यानं बघत जातो," म्हणाले.

त्यांना पाण्याची बाटली द्यायला फ्रीजपाशी गेले. फ्रीजवर माझा पहिला स्मार्टफोन पडलेला असतो, बँकेच्या ओटीपीपुरता, आवाज बंद करून. त्याच्या कोपऱ्यात बारका हिरवा लाइट लुकलुकत होता. मिस कॉल आला की तो लागतो, हे मी विसरूनच गेले होते.

अण्णांचा कॉल. सकाळचाच.

मग कधीतरी त्यांनी फोन उचलला. "दिला की मिस कॉल. जेवून झोपलो बी. तुझा नंबर पाठ हाय मला."

पाठ आहे तो जुना, फ्रीजवरच्या फोनमधला. नवा मी त्यांना सेव्ह करून दिलाय, पण नाव शोधून फोन लावायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

नव्या फोनमधून तो लाइट का काढला, कोण जाणे. तुम्ही मात्र एक करा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना तुमचा कोणता नंबर पाठ आहे, ते आजच विचारा.