तायडेच्या बुटांतली राख

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आणि गोष्ट काय, तर बुटांचा वास! हसाल तुम्ही. हसा. मीही पुष्कळ वर्षं हसण्यावारी नेऊन पाहिलं, पण ती गोष्ट काही केल्या मनातून जात नाही.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी आणि तायडे हिवतापाच्या कामावर होतो – सायकलवरून गावोगाव फिरायचं, तापाचे रोगी शोधायचे, बोटातलं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या. मेडशीत एका काकूंच्या घरी दोघांत एक खोली घेतली होती. तायडे बौद्ध. काकूंनी खोली दिली ती माझ्याकडे बघून, आणि तीही नाक मुरडूनच. हे त्याला ठाऊक होतं, मलाही.

पावसाळ्यात चिखलातून सायकल हाणून बूट ओलेचिंब व्हायचे. तायडे रोज संध्याकाळी चुलीतली राख चाळायचा, फडक्यात पुरचुंड्या बांधून बुटांत कोंबायचा. मला म्हणायचा, "तुह्या बुटातबी टाकत जाय ना बे." मी? मी आळशी. वर त्याचीच थट्टा – बुटांना अंगारा लावतो म्हणून.

एका सकाळी काकू दारात आल्या. नाकाला पदर. "कोनाच्या बुटाचा वास येऊन राह्यला हा?"

माझ्या. दोन पावलांवर, खाटेखाली पडले होते. पण काकू बघत होत्या तायडेकडे – विचारायच्या आधीपासूनच. आणि मी काय केलं? खोटं बोललो नाही, असं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. बोललो नाही, खरंच. फक्त – मीही तायडेच्या बुटांकडे पाहिलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला तोंड उघडावं लागत नाही.

"तायडे, दुसरी खोली पाहा तुमी," काकू म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वळकटी सायकलला बांधली. मेडशीत दुसरी खोली त्याला कोण देणार होतं? तो सारा पावसाळा तो लांबच्या आपल्या गावाहून रोज सायकल हाणत आला. काम सुरू व्हायच्या आधीच थकलेला असायचा.

आणि मी? तो गेला त्याच दिवशी चुलीतली राख काढली. कडुनिंबाचा पालाही टाकला बुटांत. चार दिवसांत वास गेला. काकू म्हणाल्या, "पाहा, तो गेला अन् वासबी गेला." मी म्हणालो – आता लपवत नाही – मी म्हणालो, "हो ना, काकू." त्यानेच शिकवलेल्या राखेने मी त्याला दोषी ठरवलं. अजूनही कुणाच्या दारात पायातलं काढताना आधी वास येतो का ते हुंगून पाहतो.

कामाची गावं आम्हाला वेगवेगळी वाटून दिलेली, म्हणून गाठ क्वचित पडायची. पाऊस सरता सरता एकदा वाटेत भेटला. सायकलवरून उतरला, माझ्या पायांकडे पाहिलं. रागाने नाही – राग तरी करायचा होता त्याने! सहज विचारलं, "गेला काय बे तुह्या बुटाचा वास?"

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. रस्त्यावर आम्ही दोघंच. ऐकायला तिसरं कुणी नाही. खरं बोलायला काय जात होतं माझं?

"कोन्ता वास?" मी म्हणालो.