सोमाजीची कानाची मशीन

सोमाजी दुर्गेचे कान एका दिवसात गेले नाहीत. मूल गावच्या एका राइस मिलमध्ये तो अठरा वर्षं ऑपरेटर होता आणि कान हप्त्याहप्त्याने गेले. आधी पाखरं गेली. मग विहारातली संध्याकाळची वंदना गेली. सगळ्यात शेवटी बायकोचा आवाज गेला. पाखरांशी त्याचं काही काम नव्हतं, त्यामुळे ती गेल्याचं त्याला कळलंही नाही. बायकोचा आवाज गेला तेव्हाही तो फारसा हळहळला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. मालक भला होता, त्याने सोमाजीला काढलं नाही. मशीनवरून उठवून गेटवर बसवलं. बहिरा चौकीदार ठेवल्याबद्दल लोक हसले, तेव्हा मालक म्हणाला, "दिवसा चोर आला तर दिसतेच. आयकाचं काय काम?"

सोमाजी माणूस वाईट नव्हता. दारू पीत नव्हता, बायकोवर कधी हात उचलला नव्हता, वस्तीतल्या सभेत पहिल्या रांगेत बसत होता. त्याचा एकच दोष होता, आणि तो दोष आहे असं त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य शेवटापर्यंत जाऊ देणं त्याला सोसत नसे. केसरबाईने "परवा मी विहिरीवर गेली" असं सुरू केलं, की तो म्हणे, "परवा नाई, सोमवारी." मग वार ठरायचा, पण विहिरीवर काय झालं ते राहून जायचं. लग्नाच्या पहिल्या बारा वर्षांत केसरबाईच्या अशा कितीतरी विहिरी राहून गेल्या. पुढे पुढे ती बोलायचीच थोडं. मुलगी चंदा मोठी होत होती, तिला वाटायचं आपली आई मुळातच अबोल आहे.

सोमाजीचे कान गेले आणि केसरबाई बोलू लागली.

चूल पेटली की बोलणं सुरू व्हायचं, भात उतरला की थांबायचं. सोमाजी दाराशी पाट घेऊन बसायचा आणि बघायचा. चुलीच्या उजेडात तिचे ओठ हलत, भुवया वर जात, मधेच हातातलं भात ढवळायचं सराटं हवेत थांबे. कधी ती हसायची. कधी पदराने डोळे पुसायची, पण ते धुरामुळेही असेल. पहिली काही वर्षं त्याने याकडे पाऊस बघावा तसं बघितलं. मग हळूहळू त्याला तहान लागली. ही बाई रोज तासभर काय बोलत असेल? त्याने चंदाला खुणेने विचारलं. चंदा त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "काई नाई बाबा, असंच." तासभराचं बोलणं दोन शब्दांत आटोपलेलं पाहून त्याला राग आला. स्वतः तो आयुष्यभर हेच करत आला होता, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

चंदा डी.एड. होऊन गडचिरोलीच्या शाळेत लागली. पंचाऐंशीच्या जानेवारीत ती बापाला घेऊन नागपूरला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने नळ्या घातल्या, घंट्या वाजवल्या आणि सांगितलं, की डावा कान संपला आहे, पण उजव्यात अजून जीव आहे. त्याच दिवशी त्यांनी मशीन घेतली. काडेपेटीहून मोठी, पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी, ती शर्टाच्या खिशात ठेवायची. तिच्यातून एक पांढरी वायर निघे आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंड. आत एक पेन्सिल सेल. कडेला दाते असलेलं चाक, ते फिरवलं की जग जवळ यायचं.

पहिल्या दिवशी ते जरा जास्तच जवळ आलं. एस.टी.त बसल्यावर सोमाजीला सगळ्यात मोठ्याने काय ऐकू आलं असेल, तर स्वतःचा शर्ट. खिशाचं कापड डबीवर घासलं की कानात पत्रा ओढल्यासारखं व्हायचं. नागभीडला एक माणूस शेजारी येऊन बसला. त्याने वायरीकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, स्कोर काय झाला?"

बारा वर्षांत परक्या माणसाचं सोमाजीने ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

"कायचा?"

"म्याचचा. टेस्ट चालू आहे ना!"

चंदा मधे पडली. "रेडिओ नोहे दादा ते. बाबाले आयकू येत नाई, म्हून मशीन आहे."

माणूस थोडा विचार करून म्हणाला, "मंग तिच्यावर स्कोर येत नाई?"

मूलला सोमाजी एकटाच उतरला. चंदा त्याच गाडीने पुढे गडचिरोलीला गेली. थंडी होती, त्याने कानाला दुपट्टा गुंडाळला होता आणि वायर त्याच्या खाली गेली होती. ती त्याने लपवली नव्हती. पुढे त्याने स्वतःला हे अनेकदा बजावलं.

घरात चूल पेटली होती. केसरबाईने मान वर केली आणि म्हणाली, "आला का? पोरगी गेली वाटते सरळ गडचिरोलीले." आवाज त्याच्या आठवणीतल्यापेक्षा जाड झाला होता. सोमाजी दारातच उभा राहिला. उत्तर द्यायची सवय गेली होती, म्हणून त्याने दिलं नाही. तिने कानाकडे बोट करून, डॉक्टर काय म्हणाला, अशी खूण केली. त्याने हात हलवला. त्या हात हलवण्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता, पण तिने तो "काही उपयोग नाही" असा घेतला. त्याने तो तसा घेऊ दिला. तेवढंच त्याचं पाप.

मग तो पाटावर बसला आणि ती बोलू लागली.

पहिल्या संध्याकाळी ती लाखोरीच्या भाजीवर बोलली. यंदा लाखोरी कशी कोवळी आहे, शेजारच्या रामाजीची बकरी घरामागच्या सांदवाडीत कशी शिरते, आणि बकरीपेक्षा रामाजीच कसा बांधून ठेवण्याजोगा आहे. बारा वर्षं त्या ओठांकडे बघून त्याने काय काय कल्पना केल्या होत्या, आणि निघाली भाजी. तरी त्याला चाक जरासुद्धा मागे फिरवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिने चंदाला पाहायला येऊन गेलेल्या एका पोराची नक्कल केली. सोमाजीला हसू आवरण्यासाठी खोकावं लागलं.

तिसऱ्या संध्याकाळी ती त्याच्याबद्दल बोलली. भात ढवळत, त्याच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "तुमचे कान गेले तं सप्पा लोकं मले म्हनत, कसं होईन बाई तुयं. मी रडली बी. पन खरं सांगू का जी? मले बरं वाटलं. तवापासून माहं बोलनं पुरं होते." मग तिने भाताचं शीत बोटावर दाबून पाहिलं. "आता तुमी कसे लय चांगले नवरे झाले."

त्या दिवशी सोमाजी दोन घास कमी जेवला. झोपण्यापूर्वी मशीन काढून ट्रंकेत ठेवताना त्याने ठरवलं, की उद्या सांगून टाकायचं. आणि त्याच्यामागोमाग हेही ठरवलं, की उद्याचं ऐकून मग सांगायचं.

चौथ्या संध्याकाळी केसरबाईने चांदा शहराची गोष्ट काढली. छप्पन साली दीक्षेसाठी सगळा मुलूख चांद्याला चालत गेला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि बापासोबत गेली होती. ही गोष्ट ती लग्नानंतर किमान दहादा सांगायला बसली असेल. सोमाजीही त्या वेळी गेला होता, एकवीस वर्षांचा गडी. त्यामुळे प्रत्येक वेळी "तू लहान होती, तुले काय याद" म्हणून गोष्ट त्याने आपल्याकडे ओढून घेतली होती. आज ती पहिल्यापासून सांगत होती. बापाने नवीन चपला घेऊन दिल्या होत्या, त्या झिजू नयेत म्हणून तिने हातात धरल्या. आईने ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधल्या. वाटेत एका म्हातारीने सगळ्या पोरांना पाणी पाजलं आणि पैसे विचारले नाहीत. सोमाजी पाटावर पुढे सरकून बसला होता. हे काहीच त्याला माहीत नव्हतं.

"मंग अंधार पडाले आला," केसरबाई म्हणाली, "अन आमी चिचपल्लीले मुक्काम केला. तिथी एक..."

"चिचपल्ली नाई," सोमाजी म्हणाला. "अजयपूर."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

केसरबाई उठली. जवळ येऊन तिने त्याचा दुपट्टा दोन बोटांनी बाजूला केला, वायर पाहिली आणि वायरीमागे जात खिशापर्यंत पोचली.

"किती दिवस झाले?"

"चार."

ती परत जाऊन चुलीपुढे बसली. ओरडली असती, रडली असती, तर त्याने ऐकून घेतलं असतं. आता ऐकायची सोयही होती. पण तिने भात उतरवला, ताट वाढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. बहिऱ्या माणसाला करावी तशी, तोंडाकडे हात नेऊन, जेव अशी खूण केली.

त्यानंतर त्या घरात मशीनला ऐकण्यासारखं फारसं काही राहिलं नाही. भांड्यांचा आवाज यायचा. केसरबाई कामापुरतं बोले, तेही खुणेने. सोमाजीने माफी मागितली. मग म्हणाला, "बोल ना वो, मी मधात नाई बोलत." तिने मान हलवली, पण बोलली नाही. चूल पेटली की तो चाक बंद करून दाखवू लागला. मग सेल काढून तिच्यापुढे जमिनीवर ठेवू लागला. ती सेलकडे बघायची आणि झाडून झालं की तो उचलून फळीवर ठेवायची.

मिलमध्येही निराळं नव्हतं. दिवाणजी वामनराव पूर्वी गेटवर येऊन त्याच्यासमोर मालकाला मनमुराद शिव्या द्यायचे आणि हलके होऊन जायचे. आता वायर दिसताच म्हणत, "आपले मालक म्हंजे देवमाणूस, सोमाजी." धान भरडायला आलेले लोक नंबर लागेपर्यंत गेटवर बसत, ते आता पलीकडच्या चहाटपरीवर बसू लागले. आपल्याशी इतके लोक बोलत होते, हे सोमाजीला ते बोलेनासे झाल्यावर कळलं.

पावसाळ्यापूर्वी त्याने मशीन वामनरावांच्या म्हाताऱ्या वडिलांना देऊन टाकली. म्हाताऱ्याने ती महिनाभर लावली, मुलांची वाटणीची भांडणं ऐकली आणि काढून पेटीत ठेवली. चंदा सुट्टीत आली तेव्हा तिला हे कळलं. तिने पाटी घेतली, कारण एवढं सगळं कानात ओरडलं असतं तर वस्तीने ऐकलं असतं, आणि पाटीभर राग लिहिला. सोमाजीने तिला खरं काय झालं ते सांगितलं, चिचपल्लीसकट. चंदाने पाटी पुसली.

मशीनसोबत कानही आता खरेच गेले होते. केसरबाईला ते दिसत होतं. पण एकदा खोटं बहिरं झालेला माणूस पुन्हा खरा बहिरा झाला, यावर कोण विश्वास ठेवील? चूल पेटे, भात शिजे आणि तिचे ओठ मिटलेले असत. पुढच्या वर्षी कधीतरी रामाजीने कानात ओरडून सांगितलं, की छप्पन साली गड्यांचा मुक्काम अजयपूरला होता खरा, पण बायापोरांना पुढे चिचपल्लीला नेलं होतं. तिथे छप्पर होतं. सोमाजीने हे घरी जाऊन केसरबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

सत्त्याऐंशी साली रामाजीचा मुलगा हरिदास सिरोंच्याकडून लग्न करून आला. सून राजक्का तेलुगू बोलणारी, मराठी तिला "हो", "पाणी" आणि "जयभीम" एवढीच येत होती. हरिदास कामाला गेला, की ती केसरबाईच्या सांदवाडीत येऊन बसायची. एकदा सोमाजी गेटवरून लवकर परतला, तर मागच्या दारातून त्याला केसरबाईची पाठ दिसली. तिच्या हातातला खराटा हवेत थांबला होता. राजक्का समोर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सोमाजी उंबऱ्याच्या आतच थांबला आणि पुढे गेला नाही. त्या दिवसापासून तो रोज थोडा लवकर येऊ लागला आणि तिथेच, आत, बसू लागला.

वर्षभराने दिवाळीत चंदा आली. दुपारी ती बाजारातून भाजी घेऊन राजक्कासोबत परतली आणि घाईने पाटी शोधू लागली. लिहून तिने ती बापापुढे धरली.

'राजक्काले सप्पा मराठी समजते. बाजारात भाजीवाल्या कोचिनीसंग माह्यापेक्षा चांगली भांडली. मायले मात्र वाटते, तिले काई येत नाई.'

सोमाजीने वाचलं. मागच्या दारातून सांदवाडी दिसत होती. केसरबाई बोलत होती. राजक्का भाजी निवडत होती, मधेच मान हलवत होती आणि तोंड उघडत नव्हती.

"मायले सांगू नको," सोमाजी म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, म्हणून त्याने हे तोंडावर हात धरून म्हटलं.

चंदाने मान डोलावली. मग जरा वेळाने तिने पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'चिचपल्लीले काय झालं ते राजक्काले माहीत असन. विचारू का?'

सोमाजीने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. बाहेर केसरबाई हसत होती, खांदे हलत होते.

"नको," तो म्हणाला. "पूस ते."