आगवाल्याचा फोटो

मांडवीच्या बंदरावर मला भेटणारा तो खलाशी बोटीवर आगवाला होता, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. विलायतेच्या वाटेवर भर समुद्रात एक ज्वालामुखी डोंगर लागतो. त्याच्या फोटोसाठी त्याने कॅमेराही घेतला. पण डोंगर आला, की नेमकी याची पाळी खाली भट्टीपाशी. रजेवर आला, की हसत सांगायचा, "मास्तर, ही खेपही फुकट!"

यंदा मात्र त्याने खिशातून फोटो काढला. भट्टी भरून, जोडीदाराला उभा करून तो वर धावला होता. फोटोत नुसता काळा धूर. कोपऱ्यात धुराडं दिसलं आणि माझी मास्तरकी उफाळली. "अरे, हा धूर तुमच्याच बोटीचा!"

त्याने फोटो निरखला. चेहरा आणखीच खुलला.

"म्हंजे माझाच की! कोळसा मीच घालून आल्तो!"