भट्टीचे नव्वद हजार

गल्लीतल्या लोकांनी तिला ‘दातवाली ताई’ हे नाव कधी चिकटवलं, ते तिलाही आठवत नसे. घराच्या मागच्या खोलीत तिची लॅब होती. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे आणि तिच्या हातून कॅप, ब्रिज, कवळ्या तयार होऊन परत जायच्या. ज्यांचे दात ती घडवी त्यांतल्या बहुतेकांचं तोंड तिने कधी पाहिलेलं नसे. पण साचा हातात घेतला की हा माणूस कोणत्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो की नाही, हे ती बिनचूक सांगे. सोळाव्या वर्षी ती एका म्हाताऱ्या कारागिराकडे प्लास्टर कालवायला लागली होती. पुढे त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्याने आपली गिऱ्हाइकं आणि आपली भट्टी दोन्ही तिच्या हवाली केली.

दोन वर्षांपूर्वी ती भट्टी बंद पडली. तेवीस कॅप भाजायच्या राहिल्या होत्या आणि तीन दवाखाने रोज फोन करत होते. तिने दुकानात जाऊन क्रेडिट कार्डावर नवी भट्टी घेतली. बिल आलं तेव्हा त्यात दोन आकडे होते, एक मोठा आणि एक लहान. लहान आकड्याखाली ‘किमान रक्कम’ असं लिहिलेलं. तिने लहान भरला. पुढच्याही महिन्यात लहानच भरला. मधूनमधून सिरॅमिकची पावडर, कॅप घासायच्या हिऱ्याच्या पिना, असलं सामानही त्याच कार्डावर आलं. दोन वर्षं नेमाने पैसे भरूनही थकबाकी नव्वद हजारांवर ठाण मांडून बसली होती.

याचा उलगडा तिच्या नणंदेने केला. नणंद तिच्याहून सात वर्षांनी मोठी, हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीत नोकरीला. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने टेबलावरचं बिल उचललं आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“अगं, तू साडेचार हजार भरतेस, त्यातले तीन हजारांच्या वर नुसतं व्याजच खातंय. मुद्दल जागचं हलणार कसं?”

“वन्सं, मला वाटलं, भरतेय ना दर महिन्याला.”

“भरतेयस गं. बँकेचं पोट भरतेयस.”

तिला एकदम कानकोंडं झालं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक बोटाने ओळखणारी बाई आपण, आणि हा एवढा ढळढळीत आकडा दोन वर्षं दिसला नाही.

त्याच आठवड्यात एका बँकेचा मेसेज आला. तुमच्या दुसऱ्या कार्डावरची थकबाकी आमच्याकडे वळवा, सहा महिने व्याज शून्य. नवऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. तो शहराच्या जलतरण तलावावर पंप आणि पाणी सांभाळायचा. मुळात भोळा आणि उत्साही गडी. “शून्य म्हणतायत. डोळे मिटून घे. आणखी काय पाहिजे?”

नणंदेने मात्र हॉस्पिटलच्या खाली बसणाऱ्या दुसऱ्या बँकेच्या माणसाकडून वेगळा कागद आणला. त्यात शून्य कुठेच नव्हतं. बारा महिने, दरमहा एक टक्का.

“शून्य सोडून एक टक्का कोण घेईल?” नवरा म्हणाला.

“कोण घेईल ते हिशोबानंतर ठरवू,” नणंद म्हणाली. “आधी विचारू तरी.”

दुपारी ताईने स्वतःच फोन लावला. पहिल्या बँकेची मुलगी सुरुवातीला पाठ केल्यासारखं बोलली, पण ताईने साचा तपासावा तसं एकेक विचारायला घेतलं. वळवण्याची फी किती? तीन टक्के, म्हणजे सत्तावीसशे. सहा महिन्यांत फिटलं नाही तर? उरलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्के. एखादा हप्ता चुकला तर? सवलत त्या दिवशीच बंद. कार्डावर नवी खरेदी केली तर? तिला पहिल्या दिवसापासून नेहमीचा दर.

“मॅडम, एक सांगू का?” मुलीचा आवाज जरा खाली आला. “सहा महिन्यांत पूर्ण फेडता येणार असेल तरच ही घ्या.”

दुसऱ्या बँकेची फी एक टक्का होती. हप्त्याचा आणि खरेदीचा नियम तोच.

आता प्रश्न एकच उरला. महिन्याला किती झेपेल? सहा महिन्यांत फेडायचं तर पंधरा हजारांच्या वर. तेवढे ती कुठून आणणार? घरखर्च आणि सामान वजा जाता ओढूनताणून आठ हजार निघत होते. नणंदेने आठ हजार धरून बिलाच्या पाठीवर आकडेमोड केली. आहे तिथेच राहिलं तर फिटेपर्यंत व्याजात साडेसव्वीस हजार जाणार. शून्यवाल्या बँकेत सहा महिने मजेत, मग उरलेल्यावर तेच जुनं व्याज, फी धरून साडेआठ हजारांच्या वर. एक टक्केवाल्या बँकेत फीसकट सात हजारांच्या आत.

नवऱ्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “म्हणजे शून्य महाग पडतं?”

“आपल्याला पडतं,” ताई म्हणाली. “ज्याच्याकडे पंधरा हजार असतील त्याला नाही पडणार.”

पण तिला काळजी होती ती वेगळीच. आठ हजार तिच्याकडे होते, पण कधी, याचा भरवसा नव्हता. तिचं निम्मं काम एकाच मोठ्या दवाखान्याचं. तिथले डॉक्टर माणूस चांगले, पण पैसे देण्याची तारीख त्यांच्या लहरीवर. कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. तिने भिडेपोटी अकरा वर्षांत एकदाही मागितले नव्हते. हप्ता चुकला की सवलत गेली, मग एवढा खटाटोप पाण्यात.

बुधवारी तयार ब्रिज पोचवायला ती स्वतः गेली. डॉक्टरांनी तो साच्यावर बसवून पाहिला आणि खूश झाले. ती जायला वळली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

“डॉक्टर, एक बोलायचं होतं. माझे पैसे दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळायला हवेत. मला दहा तारखेला हप्ता आहे.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. “अहो ताई, मिळतात की तुम्हाला. मागेपुढे होतं थोडं.”

“मागेच होतं. पुढे कधी झालं नाही.” आपल्या तोंडून हे निघालं याचं तिलाच नवल वाटलं. तरी ती थांबली नाही. “दवाखान्याचे मागच्या दोन महिन्यांचे बाकी आहेत. ते आले की नवीन साचे घेते.”

डॉक्टरांनी हातमोजे टेबलावर टाकले. नाराज झाले होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी बाहेरच्या मुलीला हाक मारली आणि ताईंचं बिल काढायला सांगितलं. “सात तारीख लिहून ठेव,” ते म्हणाले. ताईशी पुढे ते फारसं बोलले नाहीत, पण दोन दिवसांत पैसे जमा झाले.

तिने एक टक्केवालं कार्ड घेतलं. थकबाकी वळली, जुनं खातं कोरं झालं तसं तिने ते कार्ड बंद करून टाकलं. नवं कार्ड नणंदेच्या कपाटात गेलं, ताईच्याच आग्रहावरून. हप्ता दहा तारखेला खात्यातून आपोआप जाई. सामान रोखीने आणायचं, नाहीतर आणायचंच नाही. चौथ्या महिन्यात एका लहान दवाखान्याने पैशांना टांग मारली, तेव्हा नवऱ्याने दोन रविवार तलावावर जादा पाळी केली. आठव्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांचे पैसे सहा तारखेलाच आले, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘या वेळी पुढे झालं’. ती चिठ्ठी वाचून ती एकटीच हसली.

बाराव्या महिन्यात नेहमीच्या आठ हजारांच्या वर आणखी हजारभर भरावे लागले आणि संपलं. फोनवर शून्य दिसलं तेव्हा तिने तो आधी नवऱ्यासमोर धरला.

“हे बघा. हे खरं शून्य.”

त्यानंतरही दहा तारखेला आठ हजार बाजूला पडत राहिले, फक्त आता तिच्याच बचत खात्यात. एवढ्या महिन्यांत त्या पैशांशिवाय घर चालवायची सवय झाली होती. तीन महिन्यांनी तिने एका अभ्यासक्रमाची फी भरली. अपघातात डोळा गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम डोळे बनवायला तिथे शिकवत. तिच्या डोक्यात ते बरीच वर्षं घोळत होतं, पण परवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

“दात झाले, आता डोळे,” नणंद म्हणाली. “पुढच्या वर्षी अख्खा माणूसच घडव.”

पहिल्या दिवशी शिक्षकांनी तिच्या हातात बुबुळाचा एक रंगवलेला नमुना दिला. ती तो खिडकीशी घेऊन गेली आणि त्यातल्या तपकिरी छटा मोजू लागली.